गाणं मरणाचं, ठेका नाचाचा

प्रश्न : मुलीकडे शिकागोला गेलो असताना जावयांनी गाडीत एक कंट्री अल्बम लावला. नाव 'कंट्री लव्ह साँग्ज', गायक रॉबी फुल्क्स. एका गाण्याचा ठेका असा की पाय आपोआप हलायला लागला. जरा वेळानं शब्द कानात शिरले, तर एक बाई भरपूर गोळ्या खाते आणि मरते! जावई खुदूखुदू हसत होते, मी अवघडून बसलो. हा काय प्रकार आहे? आणि अशा गाण्याला हसावं की नाही? – एक वाचक, नाशिक

उत्तर : खुशाल हसा. अवघडलात तेही ठीकच झालं, गाणं लिहिणाऱ्याला दोन्ही एकाच वेळी हवं आहे.

'शी टुक अ लॉट ऑफ पिल्स (अँड डाइड)' हे त्या गाण्याचं नाव. शेवट नावातच फोडून टाकलेला, म्हणजे पुढे काय होणार ही उत्सुकता पहिल्याच क्षणी संपली. एरवी अशा कथेत चाल संथ होते, व्हायोलिनं रडायला लागतात, गायकाचा गळा दाटून येतो. इथे त्यातलं काहीच नाही. वादक शनिवारच्या रात्री नाचाला बसल्यासारखे वाजवत राहतात आणि गायक मिश्किलपणाचा लवलेशही न दाखवता बातमी सांगून मोकळा होतो. कोकणातली म्हातारी माणसं नुकत्याच गेलेल्या शेजाऱ्याची खोडी काढतात, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. त्याच जातीचा हा विनोद.

हा अल्बम 1996 सालचा, शिकागोच्या ब्लडशॉट रेकॉर्ड्सनं काढलेला. ध्वनिमुद्रण स्टीव्ह अल्बिनीचं, ज्यानं तीनच वर्षं आधी 'निर्वाणा' या रॉक बँडचा 'इन युटेरो' मुद्रित केला होता. अल्बिनीला निर्माता म्हणवून घ्यायचा तिटकारा होता. वादक खोलीत जसे वाजतात तसे टेपवर उतरवायचे, वरून साखर पेरायची नाही, हा त्याचा खाक्या. या गाण्यांना तो नेमका मानवला. गुळगुळीत केलेल्या ध्वनीत हे शब्द नुसते आचरट वाटले असते.

पण अल्बमनं नवं काही शोधून काढलं असं समजू नका. मरण आणि नाच यांची गाठ हाँकी-टाँक या कंट्री प्रकाराच्या जन्मातच आहे. 1933 साली अमेरिकेतली दारूबंदी उठली आणि टेक्सास, ओक्लाहोमाच्या तेलविहिरींच्या गावांबाहेर गुत्ते उभे राहिले. तेच हाँकी-टाँक. आठवडाभर विहिरीवर राबलेली माणसं, हातात मजुरी, भोवती आरडाओरडा आणि बाटल्यांचा खणखणाट. अशा ठिकाणी नुसत्या साध्या गिटारीवर गायलेलं गाणं कोणाला ऐकू जाणार? म्हणून विजेची गिटार आली, पुढे ढोल आले, ठेका ठसठशीत झाला. जूकबॉक्समध्ये पाच सेंटचं नाणं टाकलं की वाजणारी तबकडी जेमतेम तीन मिनिटांची, त्यामुळे गाणं आटोपशीर, सुरावटी मोजक्या. शब्द मात्र समोर बसलेल्या माणसाच्या आयुष्यातले : बायको सोडून गेली, नोकरी गेली, मीही वाहवलो. ऐकणाऱ्यानं नाचायलाही हवं आणि दुःखानं आणखी एक पेलाही मागवायला हवा. गुत्तेवाल्याचा धंदा दोन्हींवर चालतो.

कंट्री गायक हँक विल्यम्सनं 'आय विल नेव्हर गेट आउट ऑफ धिस वर्ल्ड अलाइव्ह' हे गाणं फ्रेड रोझबरोबर लिहिलं. या जगातून जिवंत काही आपण सुटत नाही, असं गमतीनं सांगणारं. 1952 च्या अखेरीस तबकडी बाजारात आली आणि 1 जानेवारी 1953 रोजी ओहायोतल्या कार्यक्रमाला जाताना हँक कॅडिलॅकच्या मागच्या सीटवर गेला. वय 29. त्याच महिन्यात गाणं कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं. काळ्या विनोदाची याहून मोठी मजल कोणी मुद्दाम मारू शकणार नाही.

मला स्वतःला पोर्टर वॅगनरचं 1967 मधलं 'द कोल्ड हार्ड फॅक्ट्स ऑफ लाइफ' जास्त भयंकर वाटतं. गीत बिल अँडरसनचं. नवरा परगावाहून ठरल्यापेक्षा लवकर परततो. बायकोला चकित करावं म्हणून वाटेत दारूच्या दुकानात शिरतो. तिथे एक अनोळखी गडी खुशीत खरेदी करतो आहे. बाईचा नवरा गावाला गेलाय, आज मजा आहे, असं सांगतो आहे. दोघं बाहेर पडतात. पुढच्या गाडीचं आणि याच्या गाडीचं वळण एकच. गल्लीही एकच. पुढचं तुम्हाला कळलंच. शेवट रक्ताचा आहे. गंमत अशी की ऐकणाऱ्याला दुकानातच सगळं उमगलेलं असतं आणि तो बिचारा मात्र अजून मागून गाडी हाकतोच आहे. वॅगनरच्या अंगावर त्या काळी झगमगत्या टिकल्यांचे सूट असत, आवाज मात्र गावच्या उपदेशकाचा. हसू फुटतं ते त्या आवाजामुळे.

फुल्क्स ही परंपरा कोळून प्यायलेला माणूस. जन्म 1963 चा, पेनसिल्व्हेनियातला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात काही काळ काढून तो शिकागोला आला आणि तिथल्या ओल्ड टाउन स्कूल ऑफ फोक म्युझिकमध्ये शिकवू लागला. नव्वदच्या दशकात नॅशव्हिलच्या एका प्रकाशनासाठी गाणी लिहून देण्याचं काम त्यानं केलं, ते फारसं लाभलं नाही. त्याचा राग पुढच्याच, 1997 च्या 'साउथ माउथ' अल्बममधल्या एका गाण्यात निघाला. त्याचं शीर्षक या सदरात छापता येणार नाही.

त्याला कंट्रीची टर उडवायची नाही, हे एवढ्यासाठी सांगतो की शहरी श्रोते पुष्कळदा तसंच समजून हसतात. टर उडवणाऱ्याला सूर थोडा वाकडा लावला तरी चालतं. फुल्क्स घडण तंतोतंत पाळतो. 'रॉक बॉटम, पॉप. 1' हे नावच बघा. अमेरिकेत गावाच्या वेशीवर पाटी असते : गावाचं नाव, खाली लोकसंख्या. इथे गावाचं नाव रसातळ आणि वस्ती एक, म्हणजे गाणारा स्वतः. विनोद शीर्षकात, गाणं मात्र जुन्या धाटणीचं, नीटस. 'एव्हरी काइंड ऑफ म्युझिक बट कंट्री'मध्ये सगळं संगीत आवडणारी, फक्त कंट्री सोडून, अशी सखी भेटते. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. आणि 'बेअर्ली ह्यूमन'पाशी थट्टा थांबते. दारूनं माणूसपणाच्या काठावर आणलेल्या माणसाचं ते गाणं. माझ्या मते अल्बमचा कस तिथे लागतो, गोळ्यांच्या गाण्यात नाही. गोळ्यांचं गाणं दहाव्यांदा ऐकताना नुसती चलाखी उरते. 'बेअर्ली ह्यूमन'चं तसं होत नाही.

ज्यांच्या घरात असं काही खरोखर घडलं आहे, त्यांना गोळ्यांच्या गाण्यावर हसण्याचा आग्रह मात्र कोणी धरू नये. जावयांनाही हे सांगा.

प्रश्न : याच अल्बममध्ये मधूनमधून एक वाद्य माणसासारखं हुंदके देतं. ते कोणतं? – तेच वाचक

उत्तर : पेडल स्टील गिटार. टेबलासारखी आडवी, बहुधा दहा तारांची. डाव्या हातात पोलादी दांडी घेऊन ती तारांवरून घसरवायची, उजव्या हाताच्या बोटांतल्या नख्यांनी तारा छेडायच्या आणि पायाखालचे पेडल, गुडघ्याजवळच्या दांड्या यांनी तारांचा ताण वाजत असतानाच बदलायचा. दोन हात, दोन पाय, दोन गुडघे सगळे कामाला. एक सूर जागच्या जागी आणि दुसरा वर सरकत जातो, तोच तुम्हाला हुंदका वाटला. 1954 साली वेब पिअर्सच्या 'स्लोली'मध्ये बड आयझॅक्सनं ही करामत केली आणि वर्षभरात नॅशव्हिलमधल्या स्टील वाजवणाऱ्यांना पेडलं बसवून घ्यावी लागली.

या वाद्याचं मूळ हवाई बेटांवरच्या गिटारीत. तिचीच एक शाखा आपल्याकडे रुजली. व्हॅन शिप्ली यांनी हवाईयन गिटारवर वाजवलेल्या हिंदी गाण्यांच्या तबकड्या तुमच्या पिढीच्या घरांत असायच्या. ती घसरण आठवली तर हा आवाज परका वाटणार नाही. फुल्क्सच्या अल्बमवर टॉम ब्रम्ली आहे. साठच्या दशकात कंट्री गायक बक ओवेन्सच्या ताफ्यात असलेला आणि 1964 च्या 'टुगेदर अगेन'मधल्या तुकड्यासाठी कायमचा नावाजलेला वादक. आपल्या आवडत्या गायकाचा वादक फुल्क्सला थेट मिळाला. 'द बक स्टार्ट्स हिअर' हे गाणं ओवेन्सलाच मुजरा आहे, तेव्हा निवड नेमकी.

प्रश्न : घरी परत आलो आहे. सुरुवात कुठून करू? – तेच वाचक

उत्तर : आधी हँक, मग बक ओवेन्स, मग वॅगनरचं ते गाणं, आणि शेवटी पुन्हा फुल्क्स. किटी वेल्सचं 1952 चं 'इट वॉजन्ट गॉड हू मेड हाँकी टाँक एंजल्स' वगळू नका. गुत्त्यातल्या बायकांनाच दोष देणाऱ्या पुरुषी गाण्याला दिलेलं ते सडेतोड उत्तर होतं, आणि एकट्या गायिकेनं कंट्रीच्या यादीत पहिला क्रमांक मिळवलेलं ते पहिलं गाणं. हे सगळं ऐकायला दोन संध्याकाळी पुरतील. त्यानंतर जावयांना फोन करून तुमचं मत कळवा, आणि जमलं तर आम्हालाही.