मुलासाठी सिंथेटिक खोगीर निवडताना



पुण्या-मुंबईच्या रायडिंग क्लबांत सुट्टीच्या दिवसांत मुलांची चांगली गर्दी असते. काही महिने शिकून झालं, घोड्याची भीती गेली, की घरात विषय निघतो, "मला माझं स्वतःचं खोगीर हवं!" चामड्याचं इंग्लिश खोगीर महाग, निगाही फार. म्हणून बरेच पालक सिंथेटिककडे वळतात. त्यात वावगं काहीच नाही. पण दुकानात गेल्यावर आपण काय करतो? अंगठ्याने गादी दाबून बघतो, मऊ लागली की "हे आरामदायी आहे" म्हणून मोकळे होतो. आराम असा अंगठ्याने कळत नाही. खोगीर आधी घोड्याच्या पाठीवर नीट बसलं पाहिजे, मग त्यात मूल नीट बसेल. घोड्याला खोगीर टोचत असेल तर तो पाठ आखडून चालतो, आणि आखडलेल्या पाठीवर गादी कितीही मऊ असली तरी मूल आदळतच राहतं.

इंग्लिश खोगीर आकाराने लहान आणि सपाट असतं. अमेरिकन काउबॉयच्या खोगिराला पुढे धरायला शिंग असतं, तसं याला नसतं. पुढच्या उंच कडेला पॉमेल म्हणतात, मागच्या कडेला कँटल. आत एक कडक सांगाडा असतो, तो ट्री. पोटाखालून आवळायचा तो तंग आणि पाय ठेवायची ती रिकीब, हे शब्द आपल्याकडे जुनेच आहेत. नवशिक्या मुलासाठी 'जनरल पर्पज' प्रकार घ्यावा. फक्त उड्यांसाठीचं किंवा फक्त ड्रेसाजचं खोगीर आताच नको.

घोड्याच्या पाठीला प्रत्यक्ष टेकतात त्या खालच्या दोन लांब गाद्या, म्हणजे पॅनेल. यांच्यात लोकर, फोम किंवा हवेच्या पिशव्या असतात. निबंधात मुलं विषय सोडून काहीबाही लिहितात तेव्हा आपण "खोगीरभरती केलीस" म्हणतो ना? गंमत म्हणजे खऱ्या खोगिरात ही भरतीच सगळ्यात महत्त्वाची! लोकर भरलेली असेल तर कारागीर ती कमी-जास्त करून देऊ शकतो. फोमचं तसं नाही. तो एकदा दबला की दबला.

आता आठवीच्या विज्ञानातला 'बल व दाब' आठवा. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. मूल 40 किलोचं आणि खोगीर 6 किलोचं धरलं तर 46 किलोंचा भार पाठीवर येतो. पॅनेल पूर्ण टेकली तर तो भार पसरतो. निम्मीच टेकली तर त्या जागी सरासरी दाब दुप्पट. काही खोगिरं पुढे आणि मागे टेकतात, मधे पुलासारखी अधांतरी राहतात. बाहेरून ती छान दिसतात, म्हणून हात घालून बघावं लागतं. पॅनेलखाली तळहात सरकवत पुढून मागे न्या. मधे हात एकदम मोकळा झाला तर ते खोगीर त्या घोड्याचं नाही.

आयाळ संपते तिथे खांद्यावर एक हाडाचा उंचवटा असतो, त्याला विदर्स म्हणतात. पॉमेल आणि हा उंचवटा यांच्यात साधारण दोन-तीन बोटांची जागा हवी, तीही मूल वर बसलेलं असताना. रिकामं खोगीर बघून ठरवू नका. दोन्ही पॅनेलच्या मधली पोकळी तीन-चार बोटं रुंद असावी, म्हणजे पाठीच्या कण्यावर भार येत नाही. पुढे खांद्याचं हाड चालताना मागे सरकतं, ते अडता कामा नये. मागे शेवटच्या बरगडीच्या पलीकडे खोगीर जायला नको. घोड्याला बरगड्यांच्या 18 जोड्या असतात. शेवटची बोटांनी चाचपून सापडते.

पुढची रुंदी बदलता येणं, ही काही सिंथेटिक खोगिरांची मोठी सोय. विंटेक या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या अनेक खोगिरांत पॉमेलखालची धातूची पट्टी स्क्रू काढून बदलता येते. पट्ट्या रंगावरून ओळखायच्या: पिवळी अरुंद, काळी मध्यम, लाल रुंद. आपल्याकडच्या क्लबांत शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड बरेच असतात आणि त्यांचे विदर्स सहसा उंच असतात. गोलमटोल पोनीला बसणारी रुंदी त्यांना चालत नाही. खोगीर घट्ट होतंय म्हणून खाली जाड नमदा घालणं मात्र साफ चूक. घट्ट बुटात दुसरा मोजा घातल्यासारखंच ते.

मुलाचं माप बसायच्या जागेवरून. पॉमेलच्या बाजूच्या खिळ्यापासून कँटलच्या मध्यापर्यंत इंचात मोजतात. 15 पासून 18 पर्यंतची मापं सर्रास मिळतात. मूल मधोमध बसल्यावर त्याच्या मागे कँटलपर्यंत चार बोटं जागा राहिली पाहिजे. "वाढतं वय आहे, एक माप मोठंच घेऊ" हा आपला गणवेशाचा हिशेब इथे लावू नका. मोठ्या खोगिरात मूल मागे घसरतं, पाय पुढे जातात, खुर्चीत बसल्यासारखी बैठक होते. मग सर मैदानातून ओरडत राहतात, "टाचा खाली! पाय मागे!" आणि मुलाला वाटतं आपल्यालाच जमत नाही. अशी मुलं घोडा सोडून देतात, हे मला फार वाईट वाटतं.

एक स्पष्ट सांगते. तुमचं मूल क्लबात रोज वेगवेगळ्या घोड्यांवर बसत असेल तर खोगीर घेऊच नका. ते एका घोड्याला बसेल, दुसऱ्याला टोचेल. ते पैसे आधी चांगल्या हेल्मेटला आणि टाच असलेल्या बुटांना घाला.

पावसाळ्यात सिंथेटिकचा फायदा पटतो. चामड्यावर बुरशी चढते, तेलपाणी करावं लागतं. हे ओल्या फडक्याने आणि सौम्य साबणाने पुसलं, सावलीत वाळवलं की झालं. वजनानेही हलकं, त्यामुळे मूल स्वतः उचलून चढवू शकतं. सुएडसारख्या पृष्ठभागामुळे बैठकीला पकडही मिळते. पण सिंथेटिक खोगिरांतही तंगाचे पट्टे कधी कधी चामड्याचे असतात. त्यांची शिवण आणि भोकं दर आठवड्याला बघा, कारण मुलाचा जीव त्यांच्यावर असतो.

शक्य असेल तर खोगीर चाचणीसाठी आणा. अर्धा तास रपेट झाली की उतरवून पाठ बघा. घाम दोन्हीकडे सारखा हवा. ओल्या घामात मधेच कोरडा डाग दिसला तर तिथे दाब जास्त पडला असण्याची शक्यता आहे. तंग आवळताना घोडा कान मागे पाडत असेल, चावायला बघत असेल तर "खोडकर आहे" म्हणून सोडून देऊ नका. पाठीवर जुने पांढरे केसांचे ठिपके असतील तर ती बहुतेक आधीच्या एखाद्या खोगिराची खूण असते.

दुकानात घोडा नेता येत नाही, म्हणून मुलांकडून एक काम करून घ्या. सहज वाकेल पण आकार धरून ठेवेल अशी जाडसर तार घ्या. खांद्याच्या हाडामागे विदर्सवर आडवी दाबून तिला पाठीचा आकार द्या, अलगद उचला आणि पुठ्ठ्यावर पेन्सिलीने गिरवा. घोड्याचं नाव आणि तारीख लिहा, पुठ्ठा कापा आणि दुकानात न्या. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तोच उद्योग करा. पावसाळ्यात नुसता उभा राहिलेला घोडा सुटतो, काम सुरू झालं की पाठीचे स्नायू बदलतात, आणि दोन पुठ्ठे एकावर एक ठेवले की मुलांना तो फरक लगेच दिसतो.