रेषीय एंजिन आणि क्रँकशाफ्टचे एंजिन : एक तुलना

अंतर्ज्वलन एंजिनात इंधन जळते, तापलेला वायू प्रसरण पावतो आणि पिस्टन सरळ रेषेत ढकलला जातो. या सरळ गतीचे पुढे काय करावयाचे, या प्रश्नाला तंत्रज्ञांनी दोन उत्तरे दिली. त्या दोन उत्तरांची तुलना आपण येथे करणार आहोत.

पहिले उत्तर सर्वांच्या परिचयाचे आहे. निकोलाउस ऑटो यांनी १८७६ साली यशस्वी केलेल्या फोर-स्ट्रोक एंजिनापासून आजच्या मोटारसायकलीपर्यंत, कनेक्टिंग रॉड व क्रँकशाफ्ट सरळ गतीचे चक्राकार गतीत रूपांतर करतात. मात्र रॉड तिरका होताच पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर दाबला जातो व घर्षणात ऊर्जा खर्च होते. शिवाय पिस्टनची धाव क्रँकने ठरवून दिलेली असल्यामुळे संपीडन गुणोत्तरही सहसा कायम राहते.

दुसरे उत्तर मुक्त पिस्टनचे. राऊल पेस्कारा यांना अशा यंत्राचे अमेरिकन पेटंट १९२८ साली मिळाले. यात क्रँकशाफ्ट नसतो. आजच्या रेषीय एंजिनात पिस्टनला जोडलेली चुंबके तारेच्या वेटोळ्यांतून मागेपुढे सरकतात आणि थेट वीज निर्माण होते. दाबलेल्या हवेची गादी किंवा समोरच्या सिलिंडरमधील ज्वलन पिस्टनला परत ढकलते. बाजूचा दाब जवळजवळ नाहीसा होतो आणि इंधनानुसार संपीडन बदलता येते.

त्याचा लाभ किती, हे गणिताने पाहू. आदर्श ऑटो चक्राची कार्यक्षमता संपीडन गुणोत्तरावर अवलंबून असते. हवेसाठी गुणोत्तर १० असता ती सुमारे ६० टक्के, तर १४ असता सुमारे ६५ टक्के येते. प्रत्यक्षात उष्णतेच्या व घर्षणाच्या हानीमुळे हे आकडे बरेच खाली येतात.

येथे तुलनेत एक चूक सहज घडते. रेषीय एंजिनातून मिळते ती वीज. क्रँकशाफ्टवर मिळते ती यांत्रिक शक्ती. क्रँकशाफ्टच्या एंजिनाची कार्यक्षमता ४० टक्के व त्याला जोडलेल्या जनित्राची ९० टक्के धरली, तर विजेच्या रूपात ३६ टक्केच हाती येतात. दोन्हींची मोजणी विजेपाशीच केली, तरच ती न्याय्य ठरेल.

मग रेषीय एंजिन सर्वत्र का दिसत नाही? क्रँकशाफ्ट पिस्टनला शिस्त लावतो आणि फ्लायव्हील पुढील धावेसाठी ऊर्जा राखून ठेवते. मुक्त पिस्टनला हे दोन्ही आधार नाहीत. एखादे ज्वलन हुकले तर यंत्र बंद पडू शकते. म्हणून प्रत्येक धावेवर अचूक इलेक्ट्रॉनिक नियंत्रण लागते. दरम्यान जुने एंजिनही थांबलेले नाही : २०१५ साली सादर झालेल्या प्रियसच्या एंजिनाची कमाल औष्णिक कार्यक्षमता ४० टक्के असल्याचे टोयोटाने जाहीर केले होते.

यावरून आम्हांस असे वाटते की, स्थिर वेगाने वीज निर्माण करण्याच्या कामी रेषीय एंजिनाला मोठा वाव आहे. चाके थेट फिरविण्यासाठी मात्र क्रँकशाफ्टच सोयीचा आहे. नवे म्हणून स्वीकारू नये, जुने म्हणून टाकू नये. केवळ ऐकीव किंवा परंपरागत म्हणून काहीही मानू नका, हा तथागतांनी कालामांना केलेला उपदेश यंत्रांच्या परीक्षेलाही लागू पडतो. आमच्या विद्यार्थ्यांनी कोणताही आकडा वाचताना तो कोठे व कशाचा मोजला, हे प्रथम विचारावे.