गिटारची दांडी : आधी लांबी ठरवा, मग फ्रेट मोजा

अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत पर्यटकांची वर्दळ वाढली, तशी हॉटेलांत आणि समारंभांत इलेक्ट्रिक गिटारही दिसू लागली. दाराखिडक्या आणि होड्या घडविणाऱ्या आपल्या सुतार बांधवांपुढे उद्या कोणी मोडकी दांडी घेऊन आला, तर तिचे माप माहीत असावे म्हणून हा पाठ. वाद्यांच्या मसल्यावर मतभेद आहेत. तो ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावा. येथे आम्ही हुनरापुरतेच बोलतो.

हा हुनर आपल्याला परका नाही. मिरजेच्या शिकलगार कुटुंबांनी हत्यारांचे काम मंदावल्यावर एकोणिसाव्या शतकात सतार-तंबोरे घडवायला घेतले आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मात्र एक फरक ध्यानात ठेवावा. सतारीचे पडदे दांडीला बांधलेले असतात. सूर चुकला तर पडदा सरकविता येतो. गिटारचा फ्रेट लाकडात खाच पाडून ठोकतात. खाच चुकली की पट्टी वाया, आणि गिऱ्हाईकही गेले.

गिटारचे मूळ माप म्हणजे स्केल. दांडीच्या टोकाला जी खाचांची पट्टी असते तिला नट म्हणतात. नटपासून घोडीपर्यंत तारेचा जो भाग वाजतो, त्याची ही लांबी. फेंडर कंपनीच्या टेलिकास्टर व स्ट्रॅटोकास्टर गिटारींचे स्केल साडेपंचवीस इंच, म्हणजे सुमारे ६४८ मिलिमीटर असते. गिब्सनच्या लेस पॉलचे पावणेपंचवीस इंच, म्हणजे सुमारे ६२८. तारा त्याच आणि सूर तोच ठेवला, तर लांब स्केलवर ताण सुमारे ६ टक्के जास्त येतो. म्हणून लांब स्केलची तार कडक लागते. आखूड स्केलवर ती बोटाला मऊ लागते आणि फ्रेटही थोडे जवळ येतात.

आता फ्रेटचा हिशेब. स्केलला १७.८१७ ने भागावे. येईल ते पहिल्या फ्रेटचे नटपासूनचे अंतर. ६४८ ला ते ३६.३७ मिलिमीटर येते. उरलेल्या ६११.६३ ला पुन्हा त्याच आकड्याने भागले की पुढचे अंतर ३४.३३. असे पुढे चालावे. बारावा फ्रेट बरोबर निम्म्यावर, ३२४ वर आला पाहिजे. हीच हिशेबाची कसोटी. युरोपातले जुने कारागीर सोयीसाठी १८ ने भागत. तसे केले तर बारावा फ्रेट दोन मिलिमीटरहून अधिक मागे पडतो आणि वाद्य बेसूर होते.

कागदावर सर्व बेरजा करून प्रत्येक खूण नटपासूनच मोजावी. एका फ्रेटपासून पुढचा मोजत गेल्यास अर्ध्या मिलिमीटरची चूक बाराव्यापर्यंत ६ मिलिमीटर होऊ शकते. जाड तारांसाठी घोडी किंचित मागे सरकवावी लागते, तेवढी जागा ठेवावी.

फ्रेट किती हा प्रश्न यानंतरचा. २१, २२ किंवा २४ असतात. १२ फ्रेट म्हणजे एक सप्तक, २४ म्हणजे दोन. फ्रेट वाढविल्याने स्केल वाढत नाही, ताणही बदलत नाही; वरचे सूर मात्र हाती येतात. ६४८ च्या स्केलवर २२ वा फ्रेट सुमारे ४६६ वर येतो, २४ वा ४८६ वर. म्हणजे पट्टी २० मिलिमीटर लांबते आणि दांडीजवळचा पिकअप, म्हणजे तारेचा कंप उचलणारे चुंबक, घोडीकडे सरकवावा लागतो. त्याने आवाजातील भरीवपणा थोडा कमी होऊन तो तीक्ष्ण होतो. गिऱ्हाईक २४ फ्रेट मागत असेल, तर हे त्याला आधीच सांगावे.

जुनी दांडी बदलताना मोडक्या दांडीचे फ्रेट मोजून थांबू नये. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत मोजून दुप्पट करावे, तेच स्केल. ६२८ च्या गिटारला ६४८ ची दांडी लावली, तर घोडी आपल्या जागी राहून सर्व सूर चुकतील.

तराजूत माप पुरे देण्याची ताकीद आपल्या दीनने केलेली आहे. फुटपट्टीलाही तीच लागू आहे. माप सच्चे असेल तर कामाला बरकत येईल, इन्शाअल्लाह.