आधीं लिहिलेली उत्तरपत्रिका

परीक्षेंत प्रश्न आधीं येतो व उत्तर मागाहून लिहावें लागतें. आज ज्या कामाची ओळख करून द्यावयाची आहे, त्यांत हा क्रम उलट आहे. येथें उत्तरें आधीं लिहून ठेवावयाचीं, आणि प्रश्न मागाहून विचारले जावयाचे. विचारणारा मनुष्य नसून संगणक असतो, आणि तो विचारतो त्या वेळीं उत्तर देणारा कदाचित् घरीं निजलेला असतो. सर्व्हरवर ऑपरेटिंग सिस्टिम बसविण्याच्या या रीतीस विनादेखरेख स्थापना असें म्हणतां येईल.

प्रथम हा सर्व्हर कोणत्या प्रकारचा तें पाहूं. एका मोठ्या वाड्यांत अनेक बिऱ्हाडें राहतात. प्रत्येकाची चूल निराळी, कुलूप निराळें, परंतु विहीर व भिंती एकच. त्याप्रमाणें एका शक्तिमान् संगणकांत अनेक आभासी यंत्रें नांदूं शकतात. प्रत्येकास आपण स्वतंत्र संगणक आहों असेंच वाटतें. या कामास साह्य करणारी सोय इंटेल कंपनीनें २००५ सालीं व एएमडी कंपनीनें २००६ सालीं आपल्या प्रोसेसरांत घातली. पुढें २००७ सालीं केव्हीएम नांवाचा भाग लिनक्सच्या गाभ्यांत समाविष्ट झाला. डेबियन लिनक्स व केव्हीएम यांवर उभारलेली प्रॉक्समॉक्स व्हीई ही अशाच यजमान संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम होय. तिचेंच उदाहरण आपण घेऊं.

ही सिस्टिम हातानें बसवितांना ती कांहीं प्रश्न विचारते : देश कोणता? वेळ कोणत्या प्रदेशाची? कळफलक कोणता? मुख्य चालकाचा पासवर्ड काय? यंत्राचें नांव व नेटवर्कवरील पत्ता कोणता? आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न : कोणती डिस्क वापरूं? एका यंत्रापुरतें हें काम सोपें आहे. परंतु दहा यंत्रें असलीं म्हणजे मनुष्य थकतो, आणि दहावें यंत्र पहिल्यासारखें होत नाहीं. मग एका डिस्कची हुबेहूब नक्कल सर्वत्र कां करूं नये, असें कोणी विचारील. तसें केल्यास यंत्राची आंतरिक ओळख व गुप्त किल्ल्या यांचीही नक्कल होते. एकाच किल्लीनें दहा घरें उघडूं लागलीं, तर कुलुपाचा उपयोग काय? स्वतंत्र स्थापनेंत प्रत्येक यंत्र आपली किल्ली स्वतः घडवितें.

प्रॉक्समॉक्समध्यें विनादेखरेख स्थापनेची ही सोय ८.२ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२४ सालापासून आहे. रीत अशी : वरील प्रश्नांचीं उत्तरें एका साध्या मजकुराच्या फाइलींत लिहावीं. तिचे मुख्य भाग तीन : सर्वसामान्य माहिती, नेटवर्क व डिस्क. नंतर सोबत मिळणाऱ्या साहाय्यक प्रोग्रामकडून फाइलीची तपासणी करून घ्यावी, व त्याच्याच साह्यानें स्थापनेची आयएसओ फाइल तयार करून ती पेनड्राइव्हवर उतरवावी. उत्तरपत्रिका त्या आयएसओमध्येंच घालतां येते, विशिष्ट नांवाच्या निराळ्या पेनड्राइव्हवर ठेवतां येते, किंवा नेटवर्कवरील दुसऱ्या संगणकाकडून मागविण्याची व्यवस्था करतां येते. या शेवटच्या रीतींत यंत्र आपली माहिती आधीं कळवितें. त्यामुळें प्रत्येकास त्याच्या नांवाची निराळी उत्तरपत्रिका देतां येते.

रेड हॅटची किकस्टार्ट, डेबियनची प्रीसीड व उबुंटु सर्व्हरची ऑटोइन्स्टॉल या रीतीही याच जातीच्या आहेत. पेनड्राइव्हदेखील नको असल्यास पीएक्सई या पद्धतीनें यंत्र नेटवर्कवरूनच सुरू होऊं शकतें. यंत्राचें नेटवर्क कार्ड प्रथम डीएचसीपी सेवेकडे पत्ता मागतें. तिच्याकडून आरंभीची फाइल कोठें आहे हें त्यास कळतें. मग ती फाइल आणून पुढील काम सुरू होतें.

आतां धोक्याकडे वळूं. समजा, गांवीं जातांना घरधन्यानें गड्यास चिठ्ठी लिहून ठेविली, ‘उजवीकडच्या कणगींतले दाणे दळून आण.’ मागें कोणीं झाडलोट करतांना कणग्या हलविल्या, आणि उजवीकडे बियाणें आलें. गडी प्रामाणिक, त्यानें लिहिल्याप्रमाणें केलें, आणि पेरणीच्या वेळीं घरांत बीं राहिलें नाहीं.

प्रस्तुत लेखकाच्या हातून नेमकें हेंच घडलें. चार यंत्रांसाठीं एकच उत्तरपत्रिका लिहितांना डिस्कच्या जागीं ‘एसडीए’ एवढेंच नांव घातलें. तीन ठिकाणीं काम बिनचूक झालें. चौथ्या यंत्रांत शिक्षकांनीं अनेक वर्षें जमविलेल्या प्रश्नसंचांची जुनी डिस्क लावलेली होती, आणि त्या दिवशीं तें नांव तिच्याच वांट्यास आलें. लिनक्समध्यें हीं नांवें डिस्क सांपडण्याच्या क्रमानें मिळतात. तीं कायमचीं नसतात. यंत्रानें एकही प्रश्न न विचारतां ती डिस्क पुसून टाकली. कित्येक संचांची दुसरी प्रत नव्हती. ज्या शिक्षकांचे ते श्रम होते त्यांना तोंड दाखविणें कठीण झालें. यंत्राचा अपराध कांहींच नव्हता.

त्या दिवसापासून पुढील नियम पाळीत आहें. डिस्क स्थानावरून न ओळखतां तिच्या अंगच्या खुणेवरून, म्हणजे अनुक्रमांकावरून ओळखावी. उत्तरपत्रिकेंत तशी अट घालतां येते. ज्या डिस्कवर जपण्यासारखें कांहीं आहे, ती काम होईपर्यंत काढून ठेवावी, व तिची प्रत आधीं अन्यत्र करावी. तयार केलेला पेनड्राइव्ह काम संपतांच यंत्रांतून काढावा. कारण पुन्हा त्यावरूनच यंत्र सुरू झाल्यास थोडा वेळ वाट पाहून स्थापना आपोआप नव्यानें सुरू होते. पासवर्ड उघड्या अक्षरांत लिहिलेली फाइल सर्वांच्या हातीं पडेल अशी ठेवूं नये. आणि तपासणी करणारा प्रोग्राम लिहिण्याची रीत पाहतो, अर्थ पाहत नाहीं, हें विसरूं नये. चुकीच्या डिस्कचें नांव शुद्ध लिहिलें असेल, तर तो ‘ठीक’ असेंच म्हणेल.

ज्यांच्या घरीं संगणक आहे त्यांनीं पालकांच्या संमतीनें हा प्रयोग निर्धोकपणें करून पाहावा. व्हर्च्युअलबॉक्समध्यें एक आभासी यंत्र तयार करून त्यास दोन रिकाम्या आभासी डिस्का जोडाव्या. उत्तरपत्रिकेंत त्यांपैकीं एकीची खूण लिहावी, आणि स्थापना कोणत्या डिस्कवर होते तें पाहावें. मग डिस्कांची अदलाबदल करून पुन्हा पाहावें. येथें चुकलें तरी कोणाचे श्रम वायां जाणार नाहींत.

हातानें केलेली चूक एका यंत्रापुरती राहते. लिहून ठेवलेली चूक जितकीं यंत्रें तितक्या वेळां घडते. तीच गोष्ट बिनचूकपणाचीही आहे. म्हणून अशी उत्तरपत्रिका लिहून झाल्यावर ती दुसऱ्या कोणाकडून तरी वाचून घ्यावी, आणि मगच दिवा मालवून घरीं जावें.