पाच वर्षं कुठून मोजायची?

अमेरिकेत ग्रीन कार्ड हातात आलं की मराठी घरांत एक हिशेब लगेच मांडला जातो. कार्डावर छापलेली तारीख, अधिक पाच वर्षं, वजा नव्वद दिवस. त्या दिवशी एन-400 हा नागरिकत्वाचा अर्ज भरायचा. हिशेब बरोबर आहे, पण अर्धाच आहे. आमच्या घरी याच हिशेबाने दोघांनी अर्ज केले, नवऱ्याचा मंजूर झाला आणि माझा नामंजूर. कार्डं मात्र दोघांनाही एकाच दिवशी मिळाली होती.

नोकरीच्या वाटेने मिळणाऱ्या ग्रीन कार्डांमध्ये एका देशाच्या वाट्याला साधारण सात टक्के येतात, त्यामुळे भारतात जन्मलेल्यांची रांग वर्षानुवर्षं हलत नाही. एच-1बीवर आलेलं जोडपं कार्ड मिळेपर्यंत चाळिशी गाठतं, मुलं सहावी-सातवीत पोचतात आणि गावाकडचे आईवडील सत्तरी ओलांडतात. ज्या पाच वर्षांत अमेरिकेत पाय रोवून राहायचं, नेमक्या त्याच वर्षांत गावाहून फोन येतात.

मला तो फोन दुसऱ्या वर्षी आला. साताऱ्याला आईला अर्धांगाचा झटका आला होता. मी एकुलती एक, वडील एकटे. नवरा आणि बारा-तेरा वर्षांची मुलगी न्यू जर्सीत राहिली, मी नोकरी सोडून निघाले. निघण्याआधी एका सल्लागाराकडे गेलो. त्याने सांगितलं, री-एन्ट्री परमिट काढा, दोन वर्षं निर्धास्त राहा. त्याप्रमाणे अमेरिकेत असतानाच अर्ज केला, बोटांचे ठसे दिले. पासपोर्टसारखं दिसणारं ते पुस्तक यथावकाश हाती आलं आणि मी खरोखरच निर्धास्त झाले.

आईचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. फिजिओथेरपिस्टने स्वयंपाकघराबाहेरच्या भिंतीवर पेन्सिलीने आडव्या रेघा मारून दिल्या होत्या. आईने बोटं भिंतीवरून सरकवत वर न्यायची, जिथे थांबतील तिथे मी तारीख लिहायची. दिवाळीपर्यंत रेघा वर चढल्या, नंतर उतरू लागल्या. वर्ष उलटून गेल्यावर आई गेली. दिवसकार्य उरकून मी परतले. न्यूअर्कच्या विमानतळावर परमिट दाखवलं, कोणी हरकत घेतली नाही.

हरकत आली ती नागरिकत्वाच्या मुलाखतीत. अधिकारी सभ्य होते. त्यांनी माझा भारतीय पासपोर्ट उलटून मुंबईचे येण्याचे आणि जाण्याचे शिक्के समोरासमोर धरले आणि विचारलं, या दोन तारखांच्या मध्ये तुम्ही एकदाही इथे आला नाहीत का? मी परमिट पुढे केलं. ते म्हणाले, याने तुमचं ग्रीन कार्ड वाचलं, नागरिकत्वाची मोजणी नाही. काही दिवसांनी नामंजुरीचं पत्र आलं. भरलेली फी अर्थातच परत मिळत नाही.

नियम असा आहे. पाच वर्षांच्या मुदतीत दोन वेगवेगळी मोजमापं लागतात. एक म्हणजे अमेरिकेत प्रत्यक्ष काढलेले दिवस. ते अर्जाच्या दिवसापर्यंत एकूण तीस महिने भरले पाहिजेत. निघायचा आणि परतायचा, दोन्ही दिवस तुमच्या बाजूने धरले जातात. दुसरं म्हणजे सलग वास्तव्य, आणि माणसं अडकतात ती इथे. एका दमात सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर वास्तव्य तुटलं असं गृहीत धरलं जातं. तसं नव्हतं हे तुम्हाला कागदपत्रांनी पटवून द्यावं लागतं. एका दमात वर्ष किंवा अधिक झालं तर पटवायलाही जागा उरत नाही, मोजणी तुटते. परमिट हातात असो वा नसो. एन-470 नावाचा एक अर्ज आहे, पण तो सरकारी, काही विशिष्ट कंपन्यांच्या किंवा संशोधनाच्या कामासाठी परदेशी जाणाऱ्यांना उपयोगी पडतो. आईच्या उशाशी बसायला त्याचा उपयोग नाही.

मोजणी तुटली तर परतल्याच्या दिवसापासून चार वर्षं आणि एक दिवस थांबावं लागतं. यातही एक मेख आहे. त्या दिवशी मागची पाच वर्षं पाहिली तर त्यांत तुमच्या गैरहजेरीचे वर्षाला एक-दोन दिवस कमी एवढे दिवस अजून शिल्लक असतातच. म्हणजे सहा महिन्यांवरचा प्रश्न उभा राहतोच आणि पुरावे द्यावे लागतात. चार वर्षं आणि सहा महिने थांबलं तर तोही प्रश्न उरत नाही. घाई नसलेल्याने तेवढं थांबावं, असं माझं स्पष्ट मत आहे. मला घाई होती. दोघांचं एकत्र भरलेलं आयकर विवरण, घराच्या कर्जाचे हप्ते, मुलीच्या शाळेचे दाखले, नवरा इथेच राहत असल्याचे कागद असा गठ्ठा घेऊन मी चार वर्षं पूर्ण होताच पुन्हा अर्ज केला. नोकरी सोडलेली असल्यामुळे एक बाजू कमकुवत होती, पण नवरा, मुलगी आणि घर इथेच होतं, ते ग्राह्य धरलं गेलं. पहिल्या नामंजुरीने दुसऱ्या अर्जाला बाध आला नाही, हेही सांगून ठेवते. नामंजूर झालेली माणसं उगाच लाजून गप्प बसतात.

घाई होती ती वडिलांसाठी. ग्रीन कार्डवाल्या व्यक्तीला आईवडिलांना कायमचं बोलावता येत नाही. तो हक्क एकवीस वर्षांवरच्या नागरिकाला आहे. नवरा नागरिक झाला होता, पण सासऱ्यांसाठी जावयाला अर्ज करता येत नाही. लेकीलाच करावा लागतो आणि लेक रांगेत उभी. वडील पर्यटक व्हिसावर येत, मुदत संपण्याआधी परत जात. मी नागरिक झाले तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. आता साताऱ्याचं घर सोडायचं नाही, म्हणाले. दोन वर्षं आधी विचारलं असतंस तर आलो असतो, हेही म्हणाले. आईपाशी राहिले याचं मला कधीच वाईट वाटलं नाही आणि वाटणार नाही. सहावा महिना भरायच्या आत तीन-चार आठवडे इकडे येऊन परत जा, एवढं एक वाक्य कुणी सांगितलं असतं तर आईची सेवाही घडली असती आणि वडिलांची ती वर्षंही गेली नसती. अर्थात वर्षानुवर्षं पाच महिने तिकडे आणि महिना इकडे असं चालणार नाही. तीस महिन्यांचा हिशेब ढासळतो आणि तुम्ही मुळात राहता कुठे, हाच प्रश्न विचारला जातो.

मुलीच्या बाबतीत मात्र आमचं नशीब चांगलं होतं, आणि हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. 2000 सालच्या बाल नागरिकत्व कायद्यानुसार, ग्रीन कार्ड असलेलं अठराच्या आतलं अविवाहित मूल अमेरिकेत आपल्या नागरिक आईच्या किंवा वडिलांच्या ताब्यात त्यांच्यापाशी राहत असेल, तर ते आपोआप नागरिक होतं. दोघांपैकी एक नागरिक झालेला पुरतो. पण त्या एकाचा शपथविधी मुलाच्या अठराव्या वाढदिवसाआधी व्हायला हवा. अर्जाची किंवा मुलाखतीची तारीख इथे कामाची नाही. वाढदिवस उलटला की मुलाने स्वतःचा अर्ज भरायचा, स्वतःचे दिवस मोजायचे. कॉलेजच्या निमित्ताने एखादं वर्ष परदेशात काढायचं असेल तर माझ्यासारखीच गत.

म्हणून कार्ड आलं त्या दिवशी मुलाचं वय बघा. बारा असेल तर पाच वर्षांनी ते सतरा होतं आणि अर्जाच्या प्रक्रियेला हातात जेमतेम वर्ष राहतं. अशा घरात आईवडिलांपैकी एकाने तरी लांबच्या प्रवासाला जाऊच नये. आमच्याकडे तो माणूस नवरा होता. आईच्या शेवटच्या दिवसांत तो आला होता, एरवी माझ्यासोबत महिनोन्‌महिने राहिलाही असता. मुलीची शाळा आडवी आली म्हणून पंधरा दिवसांत परतला. अर्ज भरायच्या पहिल्याच संभाव्य दिवसांत त्याने अर्ज भरला आणि मुलगी बारावीत असताना त्याने शपथ घेतली. त्याच जोरावर तिचा अमेरिकन पासपोर्ट निघाला.

नव्वद दिवसांच्या सवलतीबद्दल थोडं. नव्वद दिवस म्हणजे नव्वदच, तीन महिने नव्हेत. एक दिवस आधी अर्ज गेला तरी तो फेटाळला जातो, म्हणून दोन-चार दिवस मागे ठेवून भरलेला बरा. ही सवलत फक्त सलग वास्तव्याच्या पाच वर्षांना आहे, तीस महिने मात्र त्या दिवशी भरलेलेच हवेत. अर्ज करताना त्याच राज्यात किंवा त्या कार्यालयाच्या हद्दीत तीन महिने राहिलेलं असावं लागतं, तेव्हा बदलीच्या आसपास अर्ज टाळावा. आणि अर्ज भरला म्हणजे मोकळे झालो असं नाही. शपथ होईपर्यंत वास्तव्य सलग राहायला हवं.

शपथेचा दिवसही विचारपूर्वक घ्या. त्या दिवशी ग्रीन कार्ड परत घेतात आणि भारत दुहेरी नागरिकत्व मानत नसल्याने भारतीय पासपोर्टही त्या क्षणापासून वापरता येत नाही. अमेरिकन पासपोर्ट, मग जुना पासपोर्ट रद्द केल्याचं प्रमाणपत्र, मग ओसीआय कार्ड, यात काही आठवडे ते महिने जातात. घरी कोणी आजारी असेल किंवा डिसेंबरात लग्न असेल तर आधी जाऊन या. वडिलोपार्जित शेतीबद्दल लोक फार घाबरतात. ओसीआयधारकाला शेतजमीन विकत घेता येत नाही, पण एनआरआयलाही ती घेता येत नव्हतीच. वारसाहक्काने आलेली राहते, सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लागतं. या भीतीपोटी अर्ज लांबवू नका.

एक वही करा. घरातल्या प्रत्येकाच्या नावाचं पान, त्यावर कार्डाची तारीख आणि प्रत्येक प्रवासाचा निघायचा-परतायचा दिवस. हल्ली बऱ्याचदा पासपोर्टवर शिक्काच मारत नाहीत, म्हणून विमानाचे बोर्डिंग पासही त्यात ठेवा. मुलांच्या पानावर अठराव्या वाढदिवसाची तारीख लाल शाईने लिहा. भारताचं लांब मुदतीचं तिकीट काढण्याआधी ती वही उघडा आणि शंका आली तर इमिग्रेशन वकिलाला, फक्त वकिलालाच, लेखी विचारा. घरात पंधरा-सोळा वर्षांचं मूल असेल तर हे काम या रविवारीच करा.