वालाच्या मुळापासून पीसीआरपर्यंत: खर्च किती?

रायगड जिल्ह्यातल्या चिरनेर गावच्या शाळेत किंवा वाचनालयात जैवतंत्रज्ञानाचा कोपरा उभा करायचा म्हटलं, की पहिला प्रश्न येतो, मशीन केवढ्याला पडेल? मशीन नंतर बघू. पहिला प्रयोग फुकट आहे आणि तो शेतात आहे.

भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर इथे वाल पेरतात. पोपटीसाठी मडक्यात भाजायच्या शेंगा धरण्याआधी, फुलोऱ्याच्या सुमारास, एक रोप खणून काढा. उपटू नका, गाठी मातीतच राहतात. मुळावरची गाठ ब्लेडने कापा. आत लालसर गुलाबी रंग दिसला, तर रायझोबियम जिवाणू हवेतलं नत्र बांधतायत. पांढरी किंवा हिरवट असेल, तर काम सुरू झालेलं नाही किंवा संपलंय. खर्च एका ब्लेडचा.

पुढची खरेदी या गाठीच ठरवतात. लाल गाठी भरपूर असतील, तर जिवाणू खताचं पाकीट घ्यायची घाई नको. नसतील, तर 250 ग्रॅमचं पाकीट साधारण 10 किलो बियाण्याला पुरतं. किंमत सहसा शंभराच्या आत. वालाला चवळी गटाचं मागा. थंड केलेल्या गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळा, सावलीत सुकवा, त्याच दिवशी पेरा. चौकशी रोह्याजवळ किल्ला इथल्या कृषी विज्ञान केंद्रात करता येईल. दुकानाबाहेर उन्हात तापलेलं पाकीट मात्र फुकट दिलं तरी नको. त्यातले जिवाणू बहुधा मेलेले असतात आणि तुम्ही फक्त भुकटी घरी आणता.

वर्गात डीएनए दाखवायचा आहे? पिकलेली केळी, मीठ, भांडी घासायचा लिक्विड सोप, गाळायला फडकं आणि बर्फात गार केलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल. केळं मीठ-साबणाच्या पाण्यात कुस्करा, गाळा, ग्लासच्या कडेने अल्कोहोल सोडा. वर पांढरे तंतू तरंगतात. अख्ख्या वर्गाला दोन-तीनशे रुपये पुष्कळ झाले, त्यातले बहुतेक अल्कोहोलचे. ती बाटली शिक्षकांच्याच ताब्यात आणि आगीपासून लांब. तंतूंमध्ये डीएनएबरोबर प्रथिनंही असतात, हे मुलांना सांगायला विसरू नका.

सूक्ष्मदर्शकात लोक फसतात. एका शाळेने महागडा घेतला, चोरीच्या भीतीने कपाटात ठेवला, आणि कोकणातल्या दोन पावसाळ्यांत भिंगांवर बुरशी चढली. ती बघायलाही दुसरा सूक्ष्मदर्शक लागला असता! साधा विद्यार्थी-सूक्ष्मदर्शक काही हजारांत येतो. सोबत हवाबंद डबा आणि सिलिका जेल घ्याच. त्याआधी फोल्डस्कोपचा विचार करा. मूळचे मेरठचे, स्टॅनफर्डचे मनु प्रकाश यांच्या गटाने 2014 साली मांडलेला हा घडीचा कागदी सूक्ष्मदर्शक सुमारे 140 पट मोठं दाखवतो. त्याच्या सुट्या भागांचा खर्च एका डॉलरहून कमी, असं तेव्हा सांगितलं गेलं. हातात पडेपर्यंत मात्र काही शे रुपये होतात. 2015 साली केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने प्रकाश यांच्या प्रयोगशाळेशी करार केला आणि त्यातून तो अनेक शाळा-कॉलेजांत पोचला. तुमचा आला, तर चिरनेरच्या जंगल सत्याग्रहाच्या डोंगरावरचं शेवाळ पहिल्यांदा त्याखाली ठेवा.

जिवाणू वाढवायचे असतील, तर किराणा दुकानातला चायना ग्रास म्हणजे अगारच. निर्जंतुक करायला प्रेशर कुकर चालतो; पूर्ण दाबाखाली आत जवळपास 120 अंश तापमान असतं. कुकर वेगळा घ्या, जुना चालेल, पण पुन्हा त्यात डाळ शिजवायची नाही. जिवाणू वाढवायच्या अगारच्या बशीला झाकण घालून चिकटपट्टी लावली की ती उघडायची नाही. टाकण्याआधी बंद बशीच पुन्हा 20 मिनिटं कुकरमध्ये. हा गॅसचा खर्च कुणी अंदाजपत्रकात धरत नाही.

पीसीआरचं, म्हणजे डीएनएच्या प्रती काढायचं, मशीन मात्र गावाने घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पूर्वी हेच काम तीन वेगवेगळ्या तापमानांच्या पाण्यात नळ्या हाताने हलवून होत असे, म्हणजे अडतं ते मशीनपाशी नव्हे. विकरं उणे 20 अंशांत ठेवावी लागतात, वीज गेली की पैसे विरघळले, आणि रसायनांचा खर्च दर वर्षी नव्याने येतो. त्याऐवजी 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या महिनाभर आधी होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राला शाळेच्या लेटरहेडवर पत्र पाठवून विचारा, मुलांना काय दाखवता येईल. केंद्र मानखुर्दला आहे; पनवेलहून हार्बरची गाडी थेट जाते.