स्मोक्ड टर्की : धूर मुरावा, कातडीही कुरकुरीत व्हावी

प्रश्न : थँक्सगिव्हिंगला आम्ही अंगणातल्या स्मोकरमध्ये टर्की करतो. मांस चविष्ट होतं, पण कातडी चिवट राहते. काय करावं?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : ओलावा आणि मंद आच, ही दोन कारणं. ११० अंश सेल्सिअसला धूर छान मुरतो, पण कातडीखालची चरबी नीट वितळत नाही. ५ किलोच्या टर्कीला आदल्या दिवशी साधारण ५० ग्रॅम मीठ चोळा आणि रात्रभर फ्रीजमध्ये उघडीच ठेवा. टर्कीत मिठाचं पाणी आधीच टोचलेलं असेल, तर मीठ वगळा. सकाळी कातडी बोटांना कागदासारखी कोरडी लागली पाहिजे.

लाकूड सफरचंदाचं किंवा चेरीचं घ्या. धूर विरळ, निळसर हवा. दाट पांढऱ्या धुराने मांस कडवट होतं. तासाभराने आच १६५ अंशांपर्यंत वाढवा. पाण्याचं भांडं ठेवू नका, वरून सारखा रस ओतू नका. छातीच्या सर्वांत जाड भागात थर्मामीटर ७४ अंश दाखवेल, तेव्हाच टर्की काढा. मग अर्धा तास तशीच राहू द्या, पण झाकू नका. वाफ कोंडली की कातडी पुन्हा मऊ पडते.